‘१५ दिवसांत सीसीएनपी’ म्हणे!

परवा घरच्या ग्रुपवर ताईनं एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "अरे, हे खरं आहे का? चिरंजीव पैसे भरायचं म्हणतायत." चिरंजीव म्हणजे माझा भाचा. हिंजवडीत एका कंपनीच्या नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, रात्रपाळी करतो, रात्रभर अलार्म बघतो आणि तिकिटं उघडतो. सिस्को या नेटवर्क कंपनीचं सीसीएनए हे सुरुवातीचं प्रमाणपत्र झालंय, आता पुढचं, म्हणजे सीसीएनपी हवंय. हाच मेसेज मला महिन्याभरात तिसऱ्यांदा आलाय. आधीचे दोन मी न वाचता पुसले होते. हा घरात आला म्हणून लिहितोय.

मेसेजचा सारांश असा: सिस्कोची सीसीएनपी १५ दिवसांत, एकाच परीक्षेत. जाडी पुस्तकं वाचू नका, ती जुनी झाली. सरावाच्या लॅबला लाखाचा रॅक (खऱ्या उपकरणांची मांडणी) लागतो, त्या नादाला लागू नका. आमची ‘खऱ्या प्रश्नांची’ पीडीएफ पाठ करा, १०० टक्के पास. आधी सीसीएनए लागत नाही. एकदा पास झालात की आयुष्यभराची सोय.

‘खऱ्या प्रश्नांची पीडीएफ’ हीच या मेसेजमधली खरी घाण आहे, म्हणून आधी तिच्याकडे. धंद्यात याला डम्प म्हणतात. कुणीतरी परीक्षा देऊन प्रश्न बाहेर आणतो, दुसरा विकतो, तिसरा पाठ करतो. परीक्षा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर सिस्कोचा करार येतो. सगळेच न वाचता ‘मान्य’ दाबतात, मीही दाबलं होतं. त्यात प्रश्न बाहेर सांगण्याला आणि चोरीचं साहित्य वापरण्याला बंदी आहे. सापडलात तर गुण रद्द होऊ शकतात, आधीची प्रमाणपत्रं जाऊ शकतात, पुढच्या परीक्षांना बंदी येऊ शकते. म्हणजे भाच्याचं स्वतःच्या मेहनतीचं सीसीएनएसुद्धा पणाला. आणि ती १०० टक्के हमी देणारा त्या दिवशी फोन उचलेल का?

समजा, नाही सापडला. पुढे काय? आमच्याकडे मुलाखतीला एक जण आला होता, बायोडेटावर सीसीएनपी ठळक अक्षरांत. मी विचारलं, "दोन राउटर आहेत, ओएसपीएफचे शेजारी एक्सस्टार्टला अडकलेत. आधी काय बघशील?" (ओएसपीएफ म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत, एक्सस्टार्ट ही त्यांची ओळख जुळण्याची अर्धवट पायरी.) तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, ऑप्शन काय आहेत?" मी हसलो नाही. हसण्यासारखं काही नव्हतं, त्याच्या बापानं पैसे भरले असणार. ज्यानं एकदा तरी स्वतःच्या लॅबमध्ये दोन टोकांना वेगवेगळा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटच्या आकाराची मर्यादा, ठेवून हा घोळ घातलाय, तो झोपेतही सांगेल की एमटीयू बघा. पीडीएफमध्ये उत्तर ‘क’ असतं. रात्री तीनला लिंक पडते तेव्हा समोर ‘क’ नसतो.

‘एकाच परीक्षेत’ हे तर धडधडीत खोटं. सीसीएनपी एंटरप्राइझला, म्हणजे कंपन्यांच्या नेटवर्कच्या शाखेला, दोन पेपर लागतात. एक मुख्य, ३५०-४०१, त्यालाच एनकोर म्हणतात; आणि एक निवडीचा, बरेच जण एनार्सी (प्रगत राउटिंगचा पेपर) घेतात. फी अनुक्रमे ४०० आणि ३०० डॉलर. नापास झालात तर पुन्हा तेवढेच.

पुस्तकांबद्दल अर्धं खरं आहे, कबूल करतो. २०२० मध्ये सिस्कोनं सगळा अभ्यासक्रम बदलला. त्याआधीची रूट-स्विचची पुस्तकं रद्दीत आजही मिळतात, ती घेऊ नयेत. पण म्हणून पुस्तकच नको? परीक्षेची विषयसूची सिस्को फुकट देते. एनकोरच्या १.१ आवृत्तीत इन्फ्रास्ट्रक्चरला ३० टक्के, सिक्युरिटीला २०, ऑटोमेशनला १५ असं सरळ लिहिलं होतं. क्लास असो, पुस्तक असो की व्हिडिओ, पैसे भरण्याआधी त्याची अनुक्रमणिका या सूचीशेजारी ठेवा. ऑटोमेशनचा पत्ताच नसेल तर माल जुना. या एका कसोटीवर निम्मे क्लास गळतात. सराव परीक्षाही जरूर घ्या. प्रत्येक उत्तर बरोबर का आणि चूक का, हे समजावणाऱ्या. डम्पमध्ये नेमकं तेवढंच नसतं.

लाखाचा रॅक? कुठल्या जमान्यात आहात? संगणकावरच नेटवर्क उभारून सराव करायची सॉफ्टवेअरं आहेत: पॅकेट ट्रेसर फुकट, जीएनएस३ फुकट, ईव्ही-एनजीची कम्युनिटी आवृत्ती फुकट. सिस्कोच्या स्वतःच्या सीएमएलची पाच नोडांची (नोड म्हणजे आभासी उपकरण) आवृत्तीही फुकट. पॅकेट ट्रेसर सीसीएनपीला तोकडा पडतो, एवढंच. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप असला की सुरुवातीला पुरतं.

सीसीएनए लागत नाही, हे मात्र खरं. २०२० पासून तशी अट नाही. पण सबनेटिंगला, म्हणजे नेटवर्कचे पत्ते वाटायच्या गणिताला, बोटं मोजणाऱ्यानं थेट एनकोरला बसायचं असेल तर खुशाल बसावं. आणि आयुष्यभराची सोय वगैरे काही नाही, ३ वर्षं. मग पुन्हा परीक्षा किंवा पुढच्या प्रशिक्षणाची ८० क्रेडिट.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. ताईनं अंगठा दिला. भाच्यानं काहीच नाही. आज सकाळी रात्रपाळी संपवून त्याचा फोन आला, "मामा, ईव्ही-एनजी बसवलं, पण एकही नोड सुरू होत नाहीये." लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मुळच्या सेटिंगमध्ये) आभासी यंत्रं चालवायची सोय, व्हर्च्युअलायझेशन, बंद होती.