फक्त फिनिशिंग राहिलंय

‘विमान झालंय, फक्त फिनिशिंग राहिलंय’ हे वाक्य मी पहिल्यांदा दिवाळीत म्हणालो. संक्रांतीला पुन्हा म्हणालो. शिमग्याला बायकोनंच म्हणून दाखवलं, अगदी माझ्या आवाजात. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही आमच्या गावाची म्हण कुणी पाडली ठाऊक नाही, पण त्याच्या घरात कुणीतरी विमान करत असणार.

विमान तसं लहानच. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मीटर, अंग थर्माकोलचं, पोटात बॅटरी आणि नाकावर विजेची मोटर. सातवीतल्या मुलाला ‘सुट्टीत करू’ असं म्हणून बसलो होतो. तो आता आठवीच्या उंबऱ्यावर आहे.

पहिलाच पंख मी गिळंकृत होताना पाहिला. पानटपरीवर मिळते ती पाच रुपयांची चिकटवायची ट्यूब मी जोडावर सोडली. थर्माकोल चिकटला नाही, विरघळला. पंखातून पलीकडची कुंडी दिसायला लागली. मग पांढरा गोंद आणला. तो थर्माकोलला काही करत नाही हे खरं, पण दोन तावांच्या मधे त्याला हवाच लागत नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशीही तो आत ओला. आमच्याकडं रांगोळीसुद्धा याच्याआधी वाळते. रंगाचा अनुभव त्याहून शिकवणारा. स्प्रेचा डबा हलवून शेपटीवर एक फवारा मारला आणि शेपटीला मे महिन्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडल्या. नवी शेपटी केली. रंगाचा विषय बंद. विमान पांढरंच राहील, असं घरात जाहीर केलं.

आता वजन. या धंद्यात सगळा खेळ ग्रॅमचा असतो आणि आमच्या घरातला काटा गहू मोजायचा. म्हणून सराफाकडं गेलो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी खिशातून सर्वो काढला, म्हणजे शेपटीची पाती हलवणारी ती इवलीशी मोटर.

“नऊ ग्रॅम,” ते काटा बघून म्हणाले. “कानातलं आहे का?”

“विमानाचं आहे.”

मुख्य मोटर भरली बावन्न, बॅटरी एकशे पंच्याऐंशी. मागं मंगळसूत्र घ्यायला आलेलं कुटुंब ताटकळलेलं. सराफांनी सगळं परत पुडीत बांधून दिलं आणि सवयीनं विचारलं, “घट किती धरायची?”

मी हसलो, पण घट हाच पुढं कळीचा मुद्दा ठरणार होता.

विमान दोन बोटांवर तोलून बघतात. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव हिश्शावर, फार तर थोडं मागं, बोटं टेकवायची. तिथं ते आडवं राहिलं पाहिजे, नाक किंचित खाली चाललं तर चालेल. नाक जड असलेलं विमान कंटाळवाणं उडतं. शेपूट जड असलेलं एकदाच उडतं. आणि शेपूट लांब असल्यामुळे तिथं एक ग्रॅम वाढला की नाकात तीन-साडेतीन ग्रॅम घालावे लागतात. हे मी घरात सगळ्यांना जेवताना समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर मुलानं शेपटीवर तिरंगा चिकटवला. बायकोनं लाल टेपनं मुलाचं नाव काढलं, तेही शेपटीवर, कारण ‘तिथं जागा छान आहे’. आणि आईनं, म्हणजे आमच्या मायनं, दृष्ट लागू नये म्हणून शेपटीला लिंबू बांधलं.

“माय, शेपटीला कामून?”

“मग काय तोंडाला बांधू? गाडीला बांधतेतच की.”

लिंबू सोडायचं तर माय दोन दिवस बोलली नसती. म्हणून मी ते तिच्यादेखत मोटरच्या खाली, नाकात नेऊन घट्ट बसवलं. सहज म्हणून विमान बोटांवर घेतलं, तर काय सांगू, ते आडवं! हलेना, झुकेना. तिरंगा, नाव, सगळ्याचा हिशेब त्या एका लिंबानं फेडला होता. माय म्हणाली, “बघ.” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्यानंतर बॅटरी चार्ज करायला बसलो. तीन सेलची बॅटरी, एकेक सेल ४.२ व्होल्टला पोचला की भरली, तिन्ही मिळून १२.६. जास्त झालं तर पेट घेऊ शकते, म्हणून दूध उतू जाऊ नये तसं तिच्यापाशी उभं राहावं लागतं. मी उभा राहिलो की लाईट जायची. मग ऑफिसची मार्चएंड आली. मग पाहुणे. तीन आठवडे विमान कपाटावर बसून होतं.

शेवटी वसमतजवळ ताईच्या शेतात उडवायचं ठरलं. रान मोकळं, हळद काढून, शिजवून, वाळवून झालेली. खळ्यावर पॉलिशचा ड्रम फिरत होता आणि बाजूला पिवळाधम्मक ढीग. सगळी वस्ती जमली. मी मोटर सुरू केली, तर विमान माझ्याच पोटात शिरायला लागलं. पंखा उलटा फिरत होता. घरी मी चाचणी पंखा काढून घेतली होती, बोटं तुटू नयेत म्हणून, त्यामुळे मोटर कुठं फिरते हे बघितलंच नव्हतं.

मी मोबाईल काढून शोधायला लागलो. दाजी वाकून बघत होते.

“तीन वायरी हायत की. थ्री फेजच झालं. कोणत्याबी दोन आलटूनपालटून लाव.”

“दाजी, ही बॅटरीवरची—”

“बोरची मोटर उलटी फिरली की आम्ही काय पुण्याहून माणूस आणतो का?”

दोन वायरी बदलल्या. पंखा सुलटा फिरला. तीन महिन्यांच्या माझ्या अभ्यासाला दाजींनी अर्ध्या मिनिटात बसवलं.

विमान त्यांनीच फेकलं, सरळ, छान. ते उठलं. पोरांनी आरोळी ठोकली. नाक वर गेलं. अजून वर गेलं. नाक खाली यावं म्हणून मी रिमोटची काडी पुढं दाबली, तरी ते वरच. आभाळाकडं तोंड करून जागच्या जागी थबकलं, वेशीत बैल अडावा तसं, आणि मग शेपटीवरून गिरकी घेऊन थेट हळदीच्या ढिगात.

उचललं तेव्हा पंखा मोडलेला, बाकी शाबूत. नाकातलं लिंबू दाजींनी काढून तळहातावर झेललं. सुपारीएवढं झालं होतं, कडक.

“ह्यात काही राहिलंच नाही.”

तीन आठवड्यांत ते वाळत गेलं होतं आणि मी परत तोलून बघितलं नव्हतं. घट धरायची राहिली होती. मी काही बोललो नाही.

“बरं झालं,” ताई म्हणाली, “रंग लागला आयता. हळद लागली विमानाला, आता निघणार न्हाई.”

मुलानं मात्र विमान दोन बोटांवर धरलं होतं.

“बाबा, शेपटीला जास्त लागलीय.”