स्टॅग सत्तरीत थांबले नाहीत

अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक अमोस अलोन्झो स्टॅग यांच्यावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यांची गोष्ट १९३२ मध्ये शिकागो विद्यापीठ सुटलं तिथेच संपवलीत, हे पटलं नाही. खरी मजा तर पुढे आहे! सत्तरीला निवृत्तीचा नियम दाखवून विद्यापीठाने घरी बसवलं, तर गडी कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये रुजू झाला आणि १९४६ पर्यंत अमेरिकन फुटबॉल शिकवत राहिला. १९४३ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला.

दुसरं म्हणजे, १८९२ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष हार्पर यांनी त्यांना अध्यापकवर्गात कायमचं पद दिलं, ते तुम्ही एका ओळीत उरकलंत. त्या काळी बहुतेक कॉलेजांत प्रशिक्षक म्हणजे हंगामापुरता बोलावलेला माजी खेळाडू. पगारी, कायम प्रशिक्षक ही कल्पनाच नवी होती. (त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहरात बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला. शिक्षकांचा संघ विद्यार्थ्यांकडून ५-१ ने हरला, आणि तो एकुलता एक गुण स्टॅग यांचा!)

आणि ज्या शिकागोला त्यांनी फुटबॉलमध्ये नाव मिळवून दिलं, तिथे १९३९ मध्ये खेळच बंद केला. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष हचिन्स यांच्या त्या निर्णयावर स्वतंत्र लेख येऊ द्या. माझ्या मते निर्णय बरोबर होता, पण भांडायला तयार आहे.