गावाचं तोंड कुणीकडे?

आमच्या गावात सध्या एका बदामावरून रान पेटलंय. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं हजारभर वस्तीचं गाव. एस.टी. फाट्यावर सोडते, तिथून पुढे पायी. त्या फाट्यावर 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव, अशी पुरुषभर उंचीची लोखंडी अक्षरं उभी करायचं ग्रामपंचायतीनं ठरवलंय. 'लव्ह'च्या जागी अर्थातच लाल बदाम, रात्री आतून दिवे. अर्धं गाव म्हणतं, आधी नाल्या करा. उरलेलं अर्धं म्हणतं, नाल्यांसोबत कोणी फोटो काढत नाही.

उपसरपंच माझा चुलतभाऊ आहे. मी इंग्लंडमध्ये हेरफर्डला राहतो आणि इथून तीसेक किलोमीटरवर वेल्सच्या हद्दीत ते पुस्तकांचं गाव आहे, म्हणून त्यानं मुद्दाम फोन केला. "दादा, तुमच्याजवळचं ते गाव आपल्याएवढंच हाये म्हनते. ते कसं काय फेमस झालं बा?"

गावाचं नाव हे-ऑन-वाय. मराठीत नुसतं 'हे' म्हणावं तर ऐकणारा विचारतो, हे म्हणजे कोणतं? वस्ती दोन हजारांच्या आत. रेल्वे 1962 साल संपता संपता बंद झाली (आमची यवतमाळची छोटी रेल्वे, शकुंतला, तीही आता धावत नाही, तेवढं साम्य आहे). शेतीत राम उरला नव्हता, तरुण बाहेर पडत होते. अशा वेळी रिचर्ड बूथ नावाचा ऑक्सफर्डला शिकलेला एक पोरगा उलटा गावाकडे आला आणि बंब ठेवायच्या जुन्या इमारतीत त्यानं जुन्या पुस्तकांचं दुकान टाकलं. मग गावातली दणकट माणसं घेऊन तो अमेरिकेला गेला, तिथली बंद पडणारी ग्रंथालयं विकत घेतली आणि पुस्तकं कंटेनर भरभरून आणली. एक दुकान सिनेमागृहात थाटलं. 1 एप्रिल 1977 ला त्यानं हे गाव स्वतंत्र राज्य असल्याचं जाहीर केलं, स्वतः राजा झाला आणि आपल्या घोड्याला पंतप्रधान नेमलं. पेपरवाल्यांना आणखी काय पाहिजे? 1988 पासून तिथे साहित्याचा मोठा उत्सव भरतो. पण राजा होण्याआधी या माणसानं पंधराएक वर्षं धुळीत पुस्तकं उचलली होती, हे मी भावाला दोनदा सांगितलं. त्याच्या लक्षात घोडा राहिला.

तिथल्या किल्ल्याच्या आवारात उघड्यावर फळ्या लावून पुस्तकं ठेवलेली असतात. दुकानदार नाही. पुस्तक घ्यायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. पावसानं पुस्तकांच्या पाठी फुगलेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली. पहिल्यांदा गेलो तेव्हा पेटीत नाणं टाकून मी मागे वळून पाहिलं, कोणी बघतंय का म्हणून. आपल्याकडे पेटीसकट पुस्तकं जातील, हेही मनात येऊन गेलं. मग आमच्या फाट्यावरची आलूबोंड्याची गाडी आठवली. गाडीवाली मावशी तळणात गुंतलेली असते. एस.टी.चा ड्रायव्हर स्वतःच प्लेट उचलतो, आलूबोंडा कुस्करून त्यावर कढी ओततो आणि जाताना डब्यात नोट टाकून उरलेले सुट्टे स्वतः मोजून घेतो. हे माझ्या लहानपणापासून चालू आहे. त्यावर कोणी बातमी केली नाही.

'हे'ची कल्पना आपल्या सरकारनं उचलली, ते बरं केलं. महाबळेश्वरजवळचं भिलार 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं. पुढे त्या योजनेत आपल्या गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांधही आलं. पुस्तकं कुठेही आली तरी माझी तक्रार नाही. फक्त नवेगावबांधला ओळख आधीपासून होती: कोलू पाटील कोहळींनी बांधलेला तलाव, हिवाळ्यात उतरणारे परदेशी पक्षी आणि त्या पक्ष्यांच्या मागे वर्षानुवर्षं हिंडणारे मारुती चितमपल्ली. ती ओळख कोणाच्या योजनेतून आली नव्हती.

सेल्फी पॉइंटवाल्यांना मी ऑस्ट्रियातल्या हालश्टाटची गोष्ट सांगितली. साताठशे लोकांचं गाव, तळ्याकाठी, चित्रासारखं. मोसमात एकेका दिवशी दहा हजारांपर्यंत माणसं येतात. 2023 मध्ये गावकऱ्यांनी फोटोच्या जागेसमोर चक्क लाकडी कुंपण घातलं, आरडाओरडा झाल्यावर काढलं. ग्रुपवर एकानं लिहिलं, "आपल्याकडं एवढे लोकं आले त मी सोता कुंपन घालीन." यावर मला उत्तर सुचलं नाही.

विदर्भातली बारकी गावं गाजली नाहीत असं कुठे आहे? सेगावला 1936 मध्ये गांधीजी राहायला आले, तर त्यांची टपाल चुकून शेगावला जायची. शेवटी 1940 मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. जगभरची माणसं त्या मातीच्या कुटीपर्यंत आली. पण आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरचं गाजणं वेगळं आहे. 2005-06 च्या सुमारास वर्धा जिल्ह्यातल्या डोरलीनं कर्जापायी स्वतःलाच विक्रीला काढलं. 'गाव विकणे आहे.' तेव्हा मी वर्ध्यातच शिकत होतो. टीव्हीच्या गाड्या धुरळा उडवत जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. दिल्लीत यवतमाळचं नाव काढलं की समोरचा अजूनही आवाज खाली आणतो. इथे परदेशात तर कोणी ऐकलेलंच नसतं, आणि खरं सांगतो, तेच बरं वाटतं.

म्हणून मी भावाला मेंढा (लेखा) गावाचं नाव सांगितलं. गडचिरोलीतलं धानोऱ्याजवळचं पाचेकशे गोंडांचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं, मग चार बैठका जास्त लागल्या तरी चालतील. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखातं देईना, तेव्हा 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात येऊन परवान्यांची पुस्तकं ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. मेंढ्याला पाहुणे येतात, ते असं काही पाहायला. गाव त्यांच्यासाठी सजून बसत नाही.

भाऊ ऐकून घेत होता. मग म्हणाला, "दादा, तुमचं सगळं बरोबर हाये. पन तो बूथ शिकून वापस आला ना गावात? मेंढ्याचे लोकं गावातच हायेत. आपल्या गावात बैठक बोलावली त बुढे येतेत. पोट्टे पुन्याले, नाही त तुमच्यासारखे तठी."

मी विषय बदलून काकूच्या गुडघ्याबद्दल विचारलं.

गेल्या आठवड्यात अक्षरं आली. भावानं फोटो पाठवला. ट्रॉलीत पऱ्हाटीच्या भाऱ्यांवर आडवा पडलेला बदाम, वर सुतळी बांधलेली. नाल्यांचा प्रश्न आहे तिथेच आहे, पण आता ग्रुपवर नवा वाद सुरू झालाय. अक्षरांचं तोंड डांबरी रस्त्याकडे करायचं, म्हणजे गाडीतून जाणाऱ्यांना दिसतील, की गावाकडे, म्हणजे फाट्यावर येणाऱ्या आपल्याच माणसांना वाचता येतील? एकजण म्हणाला, गावाकडे केलं तर आलूबोंड्याची गाडी मधे येते, ती हलवावी लागेल.

मी लिहिलं, तोंड गावाकडे करा आणि गाडी आहे तिथेच राहू द्या. दोन दिवस झाले, अजून एकही अंगठा आलेला नाही.