थर्मोस्टॅट, ब्रेक आणि ‘करमणूक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या जुन्या जीपला जाड रेडिएटर, डिस्क ब्रेक आणि नवा मास्टर सिलिंडर कसा बसवला यावरच्या मागच्या लेखाखाली ‘जुनं ते सोनं’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो.

“लेख वाचून करमणूक झाली. दोन-चार अमेरिकन व्हिडिओ बघून चांगल्या जीपची वाट लावलीत. गाडी तापत होती तर थर्मोस्टॅट काढून टाकायचा, पाच मिनिटांचं काम. ड्रम नीट सेट केले, लायनर चांगले घातले तर डिस्कची गरजच पडत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आणि याला विंटेज तर म्हणूच नका. पुण्याहून एक जीपवेडा.”

उत्तर देणार नव्हतो. घरचेही म्हणाले, सोडून द्या. पण ते ‘करमणूक झाली’ काही डोक्यातून जाईना. मत पटलं नाही तर तसं लिहा की, कोण नको म्हणतंय? दुसऱ्याने घाम गाळून केलेल्या कामाला पहिल्याच वाक्यात हसायचं ही कुठली रीत? आमच्याकडे गॅरेजात अनोळखी माणूस आला तरी आधी चहा येतो, मग चुका निघतात.

आणि व्हिडिओ. अहो, माझे वडील एका सूतगिरणीत गाड्यांचे फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी अक्कलकोट रोडला पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. शाळा सुटली की मी तिथेच. रॉकेलच्या डब्यात नट धुण्यापासून सुरुवात केली. वॉटर बॉडीचं, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाचं, सील कानाने कसं ओळखायचं हे मला कुठल्या अमेरिकनाने शिकवलेलं नाही. व्हिडिओ मी बघतो, लपवत नाही. तुम्हीही बघत असाल.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ‘पाच मिनिटांचं काम’ हे वाक्य मी सोलापुरात निम्म्या मेकॅनिकांकडून ऐकलंय, त्यामुळे यावर जरा सविस्तर बोलतो.

वडील थर्मोस्टॅट कधीच अंदाजाने फेकत नसत. दोऱ्याला बांधून स्टोव्हवरच्या पातेल्यात सोडायचे, शेजारी थर्मामीटर. सत्तर अंशाला काही हालचाल नाही. ऐंशीच्या पुढे गेलं की आतलं मेण वितळून फुगतं, मधली दांडी सरकते आणि पितळी तबकडी एका कडेने उचलायला लागते. पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडली तर परत गाडीत, नाही तर भंगारात. माझ्या जीपमध्ये कॉन्टेसातलं इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, त्याचा थर्मोस्टॅट मी याच पद्धतीने तपासला. ८२ ला उघडायला लागला, नव्वदीच्या पुढे पूर्ण उघडा. मग काढायचा कशासाठी?

गाडी तापते तेव्हा चांगला थर्मोस्टॅट उघडाच असतो. तो काढून फार फायदा होत नाही. अडचण असते रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेची. कोंदट खोलीचं दार काढून टाकलं म्हणून वारा येत नाही, समोर खिडकी लागते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या आडवाटेचं, भोकही बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा एक वाटा रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जातो आणि गाडी आणखी तापते. बरं, थंडीत उलटी तऱ्हा. इंजिन गरमच होत नाही, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते रिंगांवरून खाली उतरून ऑईल पातळ करतं. सिलिंडर झिजतात. मग म्हणायचं, जुनी इंजिनं टिकत नाहीत.

थर्मोस्टॅट काढायची पद्धत पडली का, तर बोअरवेलच्या पाण्यामुळे. रेडिएटरमध्ये क्षाराचं पाणी घालायचं, पांढरा थर बसतो, थर्मोस्टॅट बंदच अडकतो, गाडी उकळते. मेकॅनिक तो काढतो, गाडी त्या दिवशी बरी चालते आणि हाच इलाज ठरतो. थर मात्र रेडिएटरच्या नळ्यांत वाढतच राहतो. (थर्मोस्टॅट काढला की पाणी इतकं जोरात पळतं की थंड व्हायला वेळच मिळत नाही, असंही काही जण सांगतात. तेही खरं नाही. म्हणजे माझ्या बाजूने बोलणारे सगळे शहाणे आहेत असं मी म्हणत नाहीये.)

तुम्ही पुण्याचे, म्हणून एक हिशोब देतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंश, तुमच्याकडे उन्हाळ्यात हवा ३६, फरक ५४. आमच्याकडे मे महिन्यात हवा ४४, फरक ४६. म्हणजे तोच रेडिएटर, तोच फॅन, आणि सोलापुरात काम साधारण पंधरा टक्के कमी. तुमच्या सावलीत बसून आमच्या होटगी रोडच्या उन्हाचा सल्ला देऊ नका. म्हणून रेडिएटरचा जाळीचा गाभा (कोर) जाड, म्हणून फॅनभोवती हवा जाळीतूनच ओढणारं कडं (श्राऊड), म्हणून रेडिएटरला ७ पीएसआय दाब धरणारं झाकण, ज्याने पाणी १०० ऐवजी १११ च्या आसपास उकळतं. आणि कूलंट, बोअरचं पाणी नाही. एक मान्य करतो, रेडिएटरचा खर्च किती आला ते मी लेखात लिहिलं नव्हतं. लिहायला हवा होता.

‘अमेरिकन’ हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलाय, म्हणून थोडं. हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत फेरफार करून ती वेगवान करायची, हा तिथला प्रकार मूळ गाडी जपण्याचा कधी नव्हताच. फोर्डची आठ सिलिंडरची व्ही-८ आली १९३२ मध्ये. तिच्यात एक्झॉस्टच्या वाटा इंजिनाच्या ब्लॉकमधूनच, पाण्याला लागून काढलेल्या, म्हणून ती तापण्यासाठी प्रसिद्ध. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले १९३९ ला, तोवर चाकापर्यंत सगळं काम यांत्रिक. तिथल्या पोरांनी १९३२ च्या गाडीला १९३९ चे ब्रेक बसवले आणि कॅलिफोर्नियातल्या मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर पळवल्या. त्यांना कोणी ‘वाट लावली’ म्हटलं असेल तर ते पुण्याचंच असणार.

ड्रम. नीट सेट केले तर चालतात, कोण नाही म्हणतंय. ९ इंचीच्या जागी ११ इंची ड्रम घालणारेही आहेत. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता.

विषय होता मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलणारा मुख्य पंप. जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसीला, आणि चारही चाकांना एकच सर्किट. एक व्हील सिलिंडर गळाला की चारही चाकांचे ब्रेक गेले. तुळजापूरच्या घाटात उतरताना पेडल पायाखाली बसलं की काय होतं हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत नसावं अशी देवीकडे प्रार्थना. त्या वेळी एका दुकानाने उघड्या डब्यातलं जुनं ब्रेक ऑईल घातलं होतं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑईल नवं असताना २०५ अंशाला उकळतं, ओल शोषल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. वाफ झाली की पेडल नुसतं दबतं. त्यानंतर मी दोन सर्किटचा सिलिंडर आणि पायाचा जोर वाढवणारा छोटा बुस्टर घातला. डिस्कला ड्रमसारखी स्वतःहून आवळून घ्यायची सवय नसते, जास्त दाब लागतो, म्हणून बुस्टर. हे सगळं लेखात होतं. तुम्ही ‘डिस्क’ वाचून थांबलात.

गाडीतल्या बदलांबद्दलचं ते कलम ५२ वाचलंय. इंजिनाच्या बदलाची आरसीवर नोंद आहे. विंटेजसाठी २०२१ चा नियम आहे, पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर. तो नंबर मी मागितलेला नाही. ‘विंटेज’ बोलीभाषेत म्हटलं, त्यावरही पावती फाडणार असाल तर फाडा.

या विषयावर तुम्हाला पुन्हा उत्तर देणार नाही.

बाकी ज्यांनी रेसिड्युअल व्हॉल्व्हबद्दल (ब्रेकच्या लाईनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारी झडप) विचारलं त्यांना: मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) खाली असेल तर ऑईल उतरून मागे येतं आणि पेडलचा पहिला दाब रिकामा जातो, त्यासाठी तो लागतो. डिस्कच्या लाईनला २ पीएसआयचा, ड्रमच्या लाईनला १० चा. अदलाबदल झाली तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतील. काही मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमचा व्हॉल्व्ह आतच असतो, आधी ते बघून घ्या. व्हॉल्व्हवरचा बाण चाकाकडे ठेवा आणि मगच ब्रेकची हवा काढा.