हिरवं किट अन् धुऱ्यावरचे डबे

आमच्या जिल्हा परिषद शाळेत पोरांसाठी ‘पर्यावरणपूरक किट’ घ्यायचं की नाही, यावरून रविवारी सकाळी एसटी थांब्याजवळच्या पारावर चांगलीच जुंपली. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक आहे. बैठक पुढच्या आठवड्यात आहे. त्या दिवशी पारावर नसलेल्या पालकांनाही सगळं माहीत असावं, म्हणून झालं तसं लिहितो. मधेमधे माझं मतही येईल, ते लपवणार नाही.

किट म्हणजे काय, तर शहरातला एक विक्रेता शाळेत नमुन्याचं खोकं ठेवून गेला आहे. त्यात बांबूचा टूथब्रश, बुडाशी तुळशीचं बी असलेली पेन्सिल, झाडाचं चित्र छापलेली नवी कापडी पिशवी, दोन वह्या आणि ‘मातीत विरघळणाऱ्या’ कचरापिशव्यांची गुंडाळी. दर ३५० रुपये, पालकांनी भरायचे. आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव. पहिला वेचा घरात येईपर्यंत इथं कोणाच्याच हातात पैसा नसतो.

“माह्या दोन लेकराईचे सातशे होतेत,” गजानन म्हणाला. “सातशेत युरियाच्या दोन थैल्या येऊन वरतं पैसे उरतेत. अन् आमच्या घरी कोणती वस्तू वाया जाते ते दाखवा मले. पोट्ट्याची पँट फाटली त तिचं पायपुसणं होते.”

गुरुजी शांतपणे म्हणाले, “गजाननभाऊ, पैशाचं तुमचं खरं आहे. पण मी वर्गात रोज प्लास्टिक नको म्हणून सांगतो आणि मधल्या सुट्टीत तीच पोरं चिप्सची पाकिटं फाडतात. हातात एखादी वेगळी वस्तू आली तर तिच्यावर बोलता येतं. नुसत्या फळ्यावर पर्यावरण शिकवून काही होत नाही.”

गुरुजींचं हे म्हणणं मला मान्य आहे. त्यांना कमिशन मिळत असेल असं कुजबुजणाऱ्यांना मी तिथंच गप्प केलं. पदरचे पैसे घालून शाळेची परसबाग फुलवणारा हा माणूस आहे. पोरांच्या खिचडीत तिथली मेथी-पालक पडते. प्रश्न गुरुजींच्या मनाचा नाही, खोक्यातल्या मालाचा आहे. तेव्हा खोकंच पारावर उघडलं.

ब्रशची दांडी बांबूची. पण वेष्टनावर बारीक अक्षरात लिहिलेलं, तंतू नायलॉनचे. म्हणजे दांडी कुजेल, केस राहतील. दांडी तरी कुठून येते? आपल्या शेजारी चंद्रपूर-गडचिरोलीत बांबूच बांबू. मेंढा-लेखासारख्या गावानं २०११ मध्ये आपल्या जंगलातल्या बांबूच्या वाहतूक परवान्याचा हक्क स्वतःकडं घेतला. आपल्या आठवडी बाजारात बुरडाच्या टोपल्या, सुपं विकायला असतात. आणि पोरांनी बांबू ओळखायचा तो शहरातून आलेल्या ब्रशवर!

कापडी पिशवीवर जास्त वेळ गेला. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २०११ मध्ये वेगवेगळ्या पिशव्यांचा हिशेब मांडला होता. पातळ प्लास्टिकची पिशवी एकदाच वापरून टाकली असं धरलं, तर हवामानावरचा तिचा भार आणि नव्या सुती पिशवीचा भार सारखा व्हायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. मी हे सांगितलं तेव्हा गुरुजींना धक्का बसला, पण गजाननला ते झटक्यात समजलं.

“बरोबरच हाय ना,” तो म्हणाला. “कापूस का आभायातून पडते? पऱ्हाटीले युरिया लागते, फवारे लागतेत. मंग जिनिंग, सूतगिरणी, रंग. एवढं करून त्या पिशवीवर झाडाचं चित्र काढलं म्हून ते झाड होते का?”

सुतापेक्षा प्लास्टिक बरं, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्या हिशेबात हवामान आहे. नालीत तुंबलेली प्लास्टिकची पन्नी अन् गाईच्या पोटातला गोळा त्यात नाही. त्यातून मी एवढंच घेतो की नवी पिशवी विकत घेऊन घरातली जुनी बाजूला टाकली, तर फायदा काहीच नाही. जुन्या लुगड्याची पिशवी मात्र नव्यानं काहीच मागत नाही.

बचत गटाच्या सुनीताताई एसटीची वाट पाहत उभ्या होत्या. त्या मधेच म्हणाल्या, “माही पोरगी दुसरीपासून माह्या जुन्या साडीची थैली नेत होती. शाळेत एकीनं छापील बॅग आणली, तवापासून हिले लाज वाटते. आता तुमीच शाळेतून छापील थैली वाटसान, त साडीची थैली गरिबाची अन् विकतची थैली शहाण्याची, असंच शिकतीन ना लेकरं?”

यावर गुरुजी काही बोलले नाहीत. माझ्या लेखी त्या सकाळचं सगळ्यात वजनदार वाक्य हेच होतं. आमच्या गावातली निम्मी घरं आजही राखेनं भांडी घासतात, रांजणाचं पाणी पितात, शिळ्या पोळीचा कुस्करा करतात. पर्यावरणाच्या नावाखाली त्यांच्याच पोरांना विकतची वस्तू दाखवून घरची वस्तू कमीपणाची वाटायला लावायची, याला माझा ठाम विरोध आहे.

कचरापिशव्यांवर फार बोलण्यासारखं नव्हतं. अशा पिशव्या कुजायला साठेक अंश उष्णता टिकवणारी कंपोस्टची मोठी व्यवस्था लागते, ती आपल्याकडं नाही. नाल्यात पडली तर ती बराच काळ साध्या पन्नीसारखीच राहते. शिवाय अशा मालाला आयएस १७०८८ हे मानक आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नमुन्यावर प्रमाणपत्राचा क्रमांकच नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असं छापणाऱ्यानं पुरावा दिला पाहिजे. विक्रेत्याला हा कागद मागायचा, यावर पारावरच्या सगळ्यांचं एकमत झालं. बाकी कशावर झालं नाही.

शंकरकाकाजी तोवर ऐकत होते. त्यांचं म्हणणं वेगळं. त्यांनी तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढतात त्या सणाची, गोष्ट काढली. “तान्ह्या पोयाचा लाकडी बैल माह्या बापानं सुताराकून करून घेतला होता. त्यावर मी खेळलो, पोरगा खेळला, आता नातू तोच ओढते. शिंगं दरसाली रंगवतो, चाक एकडाव बदललं. आता बजारातून पिलास्टिकचा बैल आणतेत, पाडव्याले आणला अन् दसऱ्याले उकंड्यावर. तुमच्या खोक्यात सुतारानं केलेलं एक तरी हाय का?”

गुरुजींना ही गोष्ट पटली आणि तिथून त्यांनी वादाचा रोखच फिरवला. “मग असं करू, बाहेरून घ्यायचंच नाही. १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांनी तिथल्या मगनवाडीत तेच तर केलं. गावातला कच्चा माल, गावातले हात. शाळेच्या गॅदरिंगला आपण चकचकीत कागदी पत्रावळी आणतो, त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो. पळस तर आपल्या नाल्यानाल्यानं उभा आहे.”

“पयसाच्या पत्रावयी लावाले बसन कोण?” सुनीताताई. “पानं तोडा, काड्या करा, टाचा. शेकडा लावता लावता बाईची कंबर मोडते, अन् भाव मागता मागता तोंड दुखते. मजुरी देसान त गट आजच तयार हाय. फुकटची हौस बायांच्या पाठीवर नोका टाकू.”

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त कामाचा. गटानं स्टीलची ताटं, वाट्या, गिलास यांचा एक संच घ्यायचा आणि लग्न, तेरवी, शाळेचा कार्यक्रम, सगळ्यांना भाड्यानं द्यायचा. घासणाऱ्या बायांना मजुरी भाड्यातून. चहाच्या कागदी कपालाही त्यातच उत्तर आहे. त्या कपाला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना २०२० मध्ये असं दिसलं की गरम पातळ पदार्थ त्यात १५ मिनिटं ठेवला, तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात.

एवढ्यात पिंट्यानं पानठेल्यातून आवाज दिला, “कपाचं बोलून राहिले, अन् खर्ऱ्याचं?” त्याच्या ठेल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत खर्ऱ्याच्या पन्न्याच पन्न्या. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा, गिऱ्हाईक तसाच खिशात घालतं आणि संपल्यावर पन्नी तिथंच. राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना मार्च २०१८ मधली, पहिल्या दंडाची रक्कम ५,००० रुपये. आमच्या पारावर ती बंदी कधी पोचलीच नाही. हिवाळ्यात याच पन्न्या शेकोटीत जातात आणि पोरं तो धूर अंगावर घेत बसतात. पिंट्या म्हणाला, ठेल्यापुढं डबा ठेवतो, पन्नी परत आणणाऱ्याला रुपया सोडतो. बघू किती दिवस ठेवतो, पण बोलला तरी.

आता मुख्य गोष्ट. ती काढली मी, आणि त्यानंतर पारावरचा आवाज खाली आला.

कापसाच्या गावात पर्यावरण शिकवायचं तर सुरुवात ब्रशपासून कशी होईल? वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन पाहा. कीटकनाशकाचे रिकामे डबे, बाटल्या, चांदीसारखी चमकणारी पुड्यांची पाकिटं पडलेली असतात. डबा दिसायला मजबूत, झाकण घट्ट. मग कोणी त्यात पाणी नेतं, कोणी रॉकेल ठेवतं, कोणाच्या संडासात तोच ठेवलेला असतो. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होते. त्यानंतर चष्मे, मास्क, हातमोजे यावर बोलणं झालं. रिकाम्या डब्यावर गावात कोणी बोललं नाही.

डब्यावर चौकटीत रंगाचा त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. मी पारावर विचारलं, हिरवा म्हणजे काय? दोघंजण लगेच म्हणाले, “हिरवा म्हंजे चालते.” चालत नाही. हिरवा म्हणजे विषच, बाकीच्यांपेक्षा सौम्य. शाळेतलं पोरगं हिरवा रंग दिसला की चांगली वस्तू असं शिकत असेल आणि घरी हिरव्या त्रिकोणाचा डबा असेल, तर ते काय समजेल? हे तरी आधी शिकवा.

गजानन यावर उखडला. “म्हंजे सारा दोष कास्तकाराचा? डबा कुठी ठेवू मी? घरी ठेवू? दुकानदार परत घेत नाई, कंपनीचा माणूस औषध इकतेवेळी येते, डब्यासाठी येत नाई.”

त्याचा राग खरा आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलंय की रिकामी वेष्टनं उघड्यावर टाकायची नाहीत, कोणी पुन्हा वापरू नये म्हणून फोडून वस्तीपासून लांब पुरायची. आणि २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी वेष्टनाची जबाबदारी माल बनवणाऱ्यावरही टाकली, २०२२ मध्ये त्याच्या तपशीलवार सूचना आल्या. पण कंपनी गावापर्यंत डबा न्यायला येत नाही, तोवर तो धुऱ्यावरच राहतो. म्हणून गजानन एकट्यानं काही करावं असं मी म्हणत नाही. गावानं करावं.

करायचं काय, तेही अवघड नाही. औषध संपलं की डब्यात पाव भाग पाणी घालायचं, झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचं आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं. असं तीनदा. औषधही पूर्ण वापरलं जातं. मग डब्याला खिळ्यानं भोकं पाडायची, म्हणजे कोणी पाणी भरणार नाही. आणि असे डबे गावाबाहेर एका कुलूपबंद खोलीत जमा करायचे. ग्रामपंचायतीचं जुनं पंपघर रिकामंच आहे. साठा झाला की कृषी केंद्रामार्फत, म्हणजे औषध विकणाऱ्या दुकानामार्फत, कंपन्यांना ग्रामसभेचा ठराव पाठवायचा, घेऊन जा म्हणून.

“हे शाळेचं काम आहे का?” गुरुजींनी विचारलं. “पोरांना मी विषाच्या डब्यांजवळ नेणार नाही.”

नेऊच नये. पोरांनी डब्याला हात लावायचा नाही, हाच पहिला धडा. पण त्रिकोणाचे चार रंग वर्गात शिकवता येतात आणि घरी जाऊन ‘आपला पाण्याचा डबा कशाचा आहे?’ हे विचारता येतं. बापाला कृषी सहायक जे पटवू शकत नाही, ते चौथीतली पोरगी पटवते, हे गुरुजींनाही ठाऊक आहे.

तासभरानं काय ठरलं? किट घ्यायचं नाही, असं मी आणि गजानन म्हणतो. गुरुजी म्हणतात, वह्या आणि पेन्सिली तरी घेऊ, ज्यांना परवडतं त्यांनी. मला तेही नको, कारण मग वर्गात किटवाले आणि बिनकिटवाले असे दोन गट पडतील. हे बैठकीत मतानं ठरू द्या. भांड्यांच्या संचासाठी सुनीताताई गटात विषय काढणार आहेत.

पंपघराचं घोडं मात्र किल्लीवर अडलं. सरपंचाकडं नको, ते वावरात असतात. गुरुजींकडं नको, शाळेशी डब्यांचा संबंध नको. पिंट्या म्हणाला माझ्याकडं द्या, तर सुनीताताईंनी साफ नकार दिला, पोरं ठेल्यावर येतात म्हणून. गजाननचं वावर पंपघराला लागून आहे. त्याला विचारलं, तर म्हणे, “ठेवतो. पण पयले दुकानदार डबे नेईन का ते लेहून आना. नाईतर सगळ्या गावाचं इख माह्याच धुऱ्यावर जमा होईन.” त्याची अट रास्त आहे. कृषी केंद्रात विचारायला मंगळवारी मी आणि गजानन जातोय. आणखी कोणाला यायचं असेल तर सकाळच्या एसटीनं या.