चराईबंदी केली की जंगल आपोआप येतं?

पावसाळा जवळ आला की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो: “शेळी असो, हरीण असो की हत्ती, पाला खाणारा प्रत्येक प्राणी झाडाचा शत्रू आहे. डोंगराला कुंपण घाला, चराई बंद करा, पाच वर्षांत जंगल उभं राहील.” यामागची कळकळ खरी आहे. पण या सल्ल्यावर विसंबून गावोगाव पैसा आणि श्रम खर्ची पडतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

“पाला खाणारा प्राणी म्हणजे झाडाचा शत्रू.”

केनियात म्पाला या संशोधन केंद्रात १९९५ पासून मोठ्या प्राण्यांना कुंपणाबाहेर ठेवण्याचा प्रयोग चालू आहे. तिथल्या एका बाभळीच्या फुगीर काट्यांत मुंग्या राहतात, झाडाचा मध पितात आणि पाला खायला आलेल्या हत्ती-जिराफांना चावून हुसकावतात. कुंपणाच्या आत दहा वर्षांत झाडांनी मध आणि फुगीर काटे, दोन्ही कमी केले. राखणदार मुंग्या घटल्या. त्यांच्या जागी मुंग्यांची दुसरी जात आली, जिला खोड पोखरणारे भुंगे चालतात. झाडांची वाढ मंदावली, मरही वाढली.

आपल्याकडे सिन्नर-येवल्याच्या बांधावरची बाभूळ जवळ जाऊन पाहा. खालच्या कोवळ्या फुटव्यांवर बोटभर लांब पांढरे काटे असतात. मोठ्या झाडाच्या उंच फांद्यांवर ते आखूड, कधी कधी नसतातच. जिथवर तोंड पोचतं, तिथवर झाड काट्यांवर खर्च करतं.

बाभळीचं बी कठीण कवचाचं. शेळ्या शेंगा खातात, रवंथ करताना बऱ्याच बिया थुंकतात, काही लेंडीतून पडतात. शेळ्यांच्या वाड्यातून वेचलेलं असं बी चांगलं उगवतं. ते नसेल तर बियांवर उकळतं पाणी ओतून २४ तास भिजत ठेवावं लागतं.

“कुंपण घातलं की झालं.”

इथे सर्वात जास्त फसगत होते. न खाल्लेलं कुसळी गवत फेब्रुवारीपर्यंत कमरेएवढं वाळून उभं राहतं. एक काडी पडली की वणवा, आणि त्यात गुडघ्याएवढी रोपं आधी जळतात. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या गवताळ रानात याची दुसरी बाजू दिसली. गुरांना लस टोचल्यावर बुळकांडी हा साथीचा रोग हटला, विल्डबीस्ट हे गवत खाणारे रानटी प्राणी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास होते ते १९७० च्या दशकाअखेर सुमारे तेरा लाख झाले. त्यांनी गवत खाल्लं, वणवे घटले आणि झाडं वाढली. म्हणून चराईबंदी केली तर दिवाळीनंतर गवत कापून न्या आणि वाळायच्या आत जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा.

“सगळे चरणारे सारखेच.”

गाय जिभेनं गवताचा घास ओढते, मेंढी जमिनीलगत खुरटते. शेळी हलत्या ओठांनी काट्यांमधून एकेक पान टिपते आणि मागच्या पायांवर उभी राहून सुमारे दोन मीटर गाठते. रोपाचा शेंडा त्याच्या वर गेला की ते सुटलं. वेड्या बाभळीचं गणित वेगळंच: तिचा पाला जनावरं टाळतात, गोड शेंगा मात्र खातात. गुजरातच्या वेळावदर या काळविटांच्या राष्ट्रीय उद्यानात काळवीट नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी लेंड्या टाकतात आणि तिथेच तिच्या बिया साचतात. येवल्याकडे ममदापूरच्या काळविटांच्या माळावर झाडं लावायचा आग्रह धरू नये. त्यांना मोकळं गवत हवं.

“हत्ती जंगल उद्ध्वस्त करतात.”

करतात, दाटी झाली तर. केनियातल्या त्सावोत १९६० च्या दशकात झुडपी रान मोडून गवताळ झालं. १९७०-७१ च्या दुष्काळात हजारो हत्ती मेले आणि पुढे झुडपं परतली.

आपल्या टेकडीवर नक्की काय अडतंय हे पाहायचं तर एकाच उतारावर १० बाय १० मीटरचे दोन चौकोन आखा, एकाला कुंपण, दुसरा उघडा. ऑक्टोबरात आणि मे महिन्यात रोपं तीन गटांत मोजा: ५० सेंटीमीटरखालची, ५० ते २००, त्यावरची. उघड्यात दरवर्षी बुटकी भरपूर आणि मधला गट रिकामा, कुंपणात मात्र भरलेला दिसला, तर चराईच अडवतेय. शेंडे दोन मीटर ओलांडेपर्यंत शेळ्या थांबवा. मधला गट कुंपणातही रिकामा असेल, तर रोपांच्या बुंध्याशी काळी राख आणि कुऱ्हाडीचे घाव शोधा.