गरीला दोन तास बसतो, मग वर्गात का नाही?

परवा शाळेत पालकसभा होती, तिथे एका पालकांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, अहो वहिनी, तुमचा पोरगा जेटीवर गरी टाकून दोन-दोन तास बसलेला असतो, आम्ही बघतो ना, मग वर्गातच कसा बसत नाही, नाटकं आहेत सगळी, दोन फटके द्या सरळ होईल. मी तिथे काहीच बोलले नाही कारण तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. घरी येऊन ठरवलं की लिहायचं, कारण हाच प्रश्न सासरी विचारून झालाय, माहेरी झालाय, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी विचारलाय, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी स्वतः पोराला हेच विचारून मारत होते. हो, मारत होते. आजही आठवलं की पोटात कालवतं.

माझा मुलगा १० वर्षांचा आहे आणि त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं असा मेंदूच्या वाढीतला फरक. मलाही आहे. माझं निदान त्याच्यानंतर सात महिन्यांनी झालं, वयाच्या ३९व्या वर्षी.

तर गरीचं. एडीएचडी म्हणजे लक्षच नसतं असं नाही, लक्ष हवं तिथे नेऊन धरून ठेवता येत नाही. गरीला बसलं की दोरी बोटात असते, कुठल्याही क्षणी ओढ लागेल असं वाटत असतं आणि लागली की मासा लगेच हातात. भागाकाराच्या गणिताला असली ओढ नाही, शाबासकी मिळालीच तर परीक्षेनंतर. मेंदूत डोपामिन, नॉरअॅड्रेनलिन अशी जी रसायनं असतात त्यांचं काम या मुलांच्यात वेगळं चालतं, त्यामुळे कंटाळवाण्या कामाला स्वतःला जुंपणं त्यांना फार जड जातं. त्याला कळत नाही असं अजिबात नाहीये, दप्तर भरायचंय हे त्याला पाठ आहे, पण पडवीतून माजघरात पोचेपर्यंत मधे मांजर दिसलं की दप्तर डोक्यातून गेलेलं असतं. कळतंय पण होत नाहीये, हे मारून भरून निघत नाही. मी मारून बघितलंय, त्याने तो फक्त खोटं बोलायला शिकला.

आणि हे मोबाईलमुळे झालंय असं सांगणाऱ्यांना, १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी अशा ४३ मुलांबद्दल व्याख्यानं दिली होती, तेव्हा कुठला मोबाईल. हे बरंचसं रक्तातून येतं, जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांमधून आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात दिसतो. माझे अण्णा आठवतात मग. नारळाची वखार, होडीचं इंजिन, कोंबड्या, सगळं जोरात सुरू केलं आणि सगळं अर्ध्यात सोडलं, घराचा मागचा सोपा शेवटपर्यंत बिनछपराचा राहिला आणि गावाने त्यांना आयुष्यभर उडाणटप्पू म्हटलं. आता त्यांचं निदान मी करू शकत नाही, पण त्यांच्यावर मी जी चिडत होते ती आता चिडत नाही.

आमचं निदान असं झालं की चिपळूणच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. रक्त तपासणं नाही, स्कॅन नाही, नुसतं बोलणं आणि प्रश्नावल्या, आमच्याकडून वेगळ्या आणि शाळेकडून वेगळ्या, कारण लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. गोळी सुरू झाली, मिथाइलफेनिडेट. तिच्यावर कडक नियम आहेत, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक दुकानदार ठेवून घेतो, त्यामुळे सगळे मेडिकलवाले ती ठेवत नाहीत, मी विचारलं तिथे तरी कुणाकडे नव्हती, पुण्याहून आणावी लागते. पोराला नशेचं औषध देतेस हेही ऐकून झालं. डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात ते नशेसाठी नाहीये. त्रास आहे तो भुकेचा, दुपारचा डबा तसाच परत येतो, म्हणून सकाळी गोळीच्या आधी मऊभात, तूप, मेतकूट पोटभर आणि रात्री परत नीट जेवण. दर वेळी वजन, उंची, नाडी, बीपी बघतात. सगळ्यांनाच गोळी लागते असंही नाही, सहा वर्षांच्या आतल्या मुलांच्यात तर आधी आईवडलांनाच शिकवतात की सूचना कशी द्यायची.

ते आम्ही पण शिकलो. स्वयंपाकघरातून खळ्यात ओरडून काही सांगायचं नाही, जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, एकच गोष्ट सांगायची. झाली की तिथल्या तिथे कौतुक, पास झालास तर सायकल हे त्याच्या कामाचं नाही.

वेळेचं तर मोठंच कोडं होतं. अर्ध्या तासात आवर म्हटलं की त्याला तो अर्धा तास कुठे दिसतच नाही. पण भरती दिसते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते हे त्याला अण्णांनी शिकवलं होतं आणि तो ते कधी चुकत नाही, मग आम्ही तेच धरलं. पडवीत त्याच्या उंचीवर फळा लावला, वर आजच्या भरतीची वेळ आणि खाली चार कामं, भरतीच्या आत झाली पाहिजेत. चारच. पाचवं लिहिलं की एकही होत नाही हे अनुभवाने कळलं.

माझं सांगायचं तर बऱ्याच मुली उड्या मारत नाहीत, खिडकीबाहेर बघत गप्प बसतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, मला वेंधळी म्हणायचे आणि मीही तेच मानलं. चार वर्षं घाबरेपणाच्या गोळ्या घेतल्या, मुळाशी काय आहे ते कुणी विचारलं नाही. आमचा होमस्टे आहे, एका नाताळात मी एकच खोली दोन कुटुंबांना देऊन बसले, पोरंबाळं घेऊन मंडळी दारात उभी, तेव्हा सासूबाईंनी काही न बोलता स्वतःची खोली रिकामी करून दिली. ते मी कधी विसरणार नाही. आता एकच रजिस्टर, दाराशी दोरीने बांधलेलं, फोन कानाला असतानाच त्यात लिहायचं, लिहिल्याशिवाय हो म्हणायचं नाही. लाईटबिल आपोआप जातं. अलार्मला नाव देते, नुसता वाजला तर कशासाठी ते आठवत नाही.

कोकणातल्या आईवडलांना एक सांगायचंय. शाळेत तपासणीला जी आरोग्याची टीम येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, त्यांच्या यादीत एडीएचडी आहे, आणि हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. दात आणि डोळे बघून टीमला जाऊ देऊ नका, विचारा. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोन सेवा आहे, तिचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत मात्र एडीएचडीला वेगळी जागा नाही, लर्निंग डिसॅबिलिटीला, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातल्या अडचणीला, आहे, ह्याचा मला मनापासून राग येतो.

त्या पालकांना मी उद्या फोन करणार आहे, भांडायला नाही, त्यांच्या धाकट्याला बघून मला आमचाच पोरगा आठवतो.

आज भरती साडेसहाला आहे. पोरगा गरी घेऊन पायरीवर बसलाय, फळ्यावर तीन खुणा झाल्यात, दप्तर राहिलंय. उठते, जवळ जाऊन सांगते.